ठिकरीच्या मात्रा

मुलांसाठी कविता लिहिताना मी अजूनही बोटांवर मात्रा मोजते. लघूची एक, गुरूच्या दोन. लगोरीवरची कविता अशीच मोजून घेतली होती: ‘ठिकरीवरती ठिकरी रचली, चेंडू बसला, सारी फुटली.’ आठ नि आठ सोळा, दोन्ही ओळी चोख पादाकुलक. माधव जूलियनांच्या ‘छंदोरचने’तली आठ मात्रांची पद्मावर्तनी चाल.

आधीच्या खर्ड्यात ‘ठिकऱ्या’ होत्या. नवखा माणूस त्याच्या पाच मात्रा धरतो, कारण जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू, हे शाळेत घोकलेलं असतं. पण म्हणून बघा, ‘क’वर आघात येतच नाही, तो लघूच राहतो आणि मात्रा होतात चार. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ पाठोपाठ म्हटले की फरक कळतो. डोंगरातल्या दऱ्या तीन मात्रांच्या, समुद्राचा दर्या चारांचा. आमच्या गल्लीत लगोरीला लिंगोरचा म्हणत. मला तोच शब्द हवा होता, पण लगोरीच्या पाच मात्रा, याच्या सात. कुठल्याच ओळीत बसेना, म्हणून त्याला शीर्षकात नेऊन बसवलं.

यमकावर मात्र मी खूश नव्हते. रचली-फुटली म्हणजे क्रियापदांच्या शेपट्यांना गाठ मारणं. तो ‘ली’ मराठीत फुकट मिळतो, आणि फुकटचं यमक कानाला लगेच कळतं.

चौथीच्या एका वर्गात कविता वाचली आणि एका मुलीला परत म्हणायला सांगितली. ‘चेंडू बसला’ म्हणून तिने बाकावर धाडकन हात आपटला आणि गप्प झाली. सगळा वर्ग जागच्या जागी पळायच्या बेतात. ‘सारी फुटली’ तिने म्हटलंच नाही. बरोबरच होतं. ठिकऱ्या उडाल्यावर ‘फुटली’ असं सांगत गल्लीत कोण उभं राहायचं? तोवर पाठीत चेंडू बसायचा.

घरी येऊन ते दोन शब्द खोडले आणि ‘धप्प!’ लिहिलं. ‘ध’ गुरू, ‘प्प’ ओळीच्या शेवटी आहे म्हणून गुरू धरला, तरी मात्रा चारच. यमक गेलं. आठांच्या आवर्तनात चार मात्रांची जागा रिकामी राहिली.

कविता पाठवल्यावर संपादकांचा फोन आला. “बाई, दुसऱ्या ओळीत चार मात्रा कमी पडतायत.”

म्हटलं, “असू देत. तेवढ्यात पोरं पळतात.”