ज्वारी पुन्हा दस्तरखानावर

आमच्या वऱ्हाडात भाकर म्हणजे ज्वारीचीच. बार्शीटाकळीच्या मोहल्ल्यातही एके काळी वेगळे चित्र नव्हते. भाकर, कण्या घातलेली अंबाडीची भाजी, ठेचा आणि असलीच तर जवसाची चटणी. गोश्त एखादे वेळी, गव्हाची पोळी ईदला किंवा पाहुणा आला तर. पुढे कपाशीच्या जोडीला असणाऱ्या ज्वारीच्या जागी सोयाबीन आले. बैल कमी झाले, कडब्याची गरज उरली नाही. जी ज्वारी पेरली जाई तिच्यावर पाखरे आणि रानडुकरे. रेशनच्या दुकानात गहू-तांदूळ मिळू लागला. शेतातून गेलेली ज्वारी हळूहळू ताटातूनही गेली.

ती गेल्याचे फारसे दुःख कुणाला झाले नाही, कारण ज्वारी ही गरिबीची खूण होती. माझ्या सासूबाईंना मधुमेह निघाला. त्यांच्या थोरल्या बहिणीचा पाय याच आजारात कापावा लागला होता, त्यामुळे घरात भीती होती. डॉक्टरांनी भात, साखर आणि मैदा कमी करायला सांगितले, तेव्हा मी ज्वारीचे नाव काढले. त्या म्हणाल्या, "दुल्हन, बचपन में जवारीच खाई. अब अल्लाह ने गेहूँ दिया, तो वापस जवारी कायकू?" हा हट्ट नव्हता. त्यामागे एका पिढीने कष्टाने मिळवलेली इज्जत होती. आहारावरच्या पुस्तकांत या प्रश्नाचे उत्तर नसते.

मी वाद घातला नाही. हुजूर (स.) यांच्या घरी जवाची भाकर असे, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. मग जाड्याभरड्या धान्यात कमीपणा कसला, एवढेच मी विचारले. त्या गप्प राहिल्या. पुढच्या जुमेरातीला त्यांनीच परात पुढे ओढली. माझी भाकर चिरत होती. पीठ गरम पाण्यात कसे मळायचे, हे त्यांनी मला शिकवले. त्या दिवसापासून भाकर हे आजाऱ्याचे खाणे न राहता त्यांच्या हातचे खाणे झाले.

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. तेव्हापासून ज्वारीची बिस्किटेही दुकानात दिसतात. पण ज्वारी म्हणजे औषध नव्हे. तिच्यातही पिष्ट असतेच, आणि तीन भाकरी खाल्ल्या तर रक्तातली साखर वाढणारच. कोंड्यासकट गव्हाचे पीठही वाईट नाही. तंतू त्यातही भरपूर असतात. खरा वैरी मैदा, साखर आणि ताटभर पांढरा भात. म्हणून आम्ही आठवड्यातून दोनच संध्याकाळी भाकर ठेवली, बाकी दिवस गव्हाचे पीठ न चाळता वापरले. भाकरीसोबत भाजी आणि डाळ मात्र वाढवली.

एकदम सगळे बदलायचे नाही, हे आम्ही ठरवून घेतले. आधी चहा. दोन चमच्यांचे दीड, महिन्याने एक. जीभ महिनाभरात सवय लावून घेते. मग मीठ: जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा, आणि त्यात लोणचे-पापडही आले. मग रमजान. इफ्तारला भजी रोजची होती, ती आठवड्यातून दोनदा केली. इतर दिवशी खजूर, फळे आणि उकडलेले चणे. कुरआनने खाण्यापिण्यातला इसराफ मना केला आहे, आणि आपण मात्र दिवसभराच्या रोज्याचे उट्टे तळणातून काढतो.

शाळेत मुली धड्याच्या मध्येच डोके टेकतात, तेव्हा मला दुसरी काळजी वाटते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळले. आपल्या घरांत पुरुष आणि मुले जेवल्यावर बाई बसते. भांड्यात तळाचा रस्सा उरतो. पालेभाजीवर लिंबू पिळावे म्हणजे लोह अंगी लागते, आणि जेवणाला लागूनच चहा घेऊ नये, कारण चहा ते लोह अडवतो. या दोन गोष्टी मी मुलींना सांगते. तिसरीही सांगते: आईला आपल्यासोबत दस्तरखानावर बसवा. त्यासाठी पैसे लागत नाहीत.

पैशांचा विचार करावाच लागतो. जानेवारी २०२३ पासून अन्नसुरक्षा कायद्यातले धान्य मोफत आहे, माणशी ५ किलो. ते बहुतेक गहू आणि तांदूळ असते. ज्वारी बाजारातून विकत घ्यावी लागते. मजुरीवर चालणाऱ्या घराला 'ज्वारी खा' असे सांगणे मला जड जाते. अशा घराला मी साखर, तेल आणि मुलांच्या हातातली पाच रुपयांची पुडी कमी करायला सांगते. वाचलेल्या पैशांत चणे किंवा शेंगदाणे येतात.

सासूबाईंची साखर थोडी उतरली आहे. गोळ्या सुरूच आहेत, त्या सोडायच्या नाहीत. परवा त्यांची एक मैत्रीण घरी आली, तर त्यांनी पोळीचे पीठ बाजूला ठेवायला सांगितले आणि पाहुणीसाठी भाकर थापली.