पोटभाडेकरीण न सांगता गेली तेव्हा

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी किती जणींनी मागची खोली भाड्यानं दिली आहे? आमच्या साताऱ्याच्या आळीत तर अशी बरीच घरं आहेत. खोली दिली की महिन्याला चार पैसे हातात येतात आणि डिपॉझिटची रक्कम एकदम येते. ती एकदम येते हीच तर सगळी गंमत! मी हे अनुभवानं सांगते आहे.

आमचं घर सासऱ्यांच्या वेळेपासून भाड्याचं. मुलीचं लग्न झाल्यावर मागची खोली आणि मोरी तशीच पडून होती. २०२३ साली घरमालकांकडून लेखी परवानगी घेतली आणि १ ऑक्टोबरपासून एका तरुण जोडप्याला अकरा महिन्यांसाठी ती दिली. परवानगीशिवाय हे करू नका हो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे मालकाच्या संमतीवाचून पोटभाडेकरू ठेवला तर आपलंच बिऱ्हाड रस्त्यावर यायची वेळ येते. भाडं पाच हजार, तेही महिन्याच्या सुरुवातीला. डिपॉझिट पंचवीस हजार. सोडायचं असेल तर एक महिना आधी कळवायचं.

मुलगी गोड होती. मला ‘काकू’ म्हणायची, सासूबाईंच्या सुईत दोरा ओवून द्यायची. २०२४ च्या महाशिवरात्रीला, म्हणजे ८ मार्चला, दोघं दोन पिशव्या घेऊन गेली. मला वाटलं, देवाला चालली असतील. दाराला कुलूप. चार दिवस झाले, पाच झाले. तेराला तिचा फोन आला, “काकू, आई पडली, कमरेचं हाड मोडलंय. ह्यांनाही इकडेच नोकरी मिळतेय. आम्ही आता परत येत नाही. भाऊ सामान न्यायला येईल. डिपॉझिट तेवढं पाठवाल ना?”

मी फोन ठेवला आणि जी सुरू झाले! एक महिना आधी सांगायचं कबूल केलंस, सही केलीस, आणि आता फोनवर सांगतेस? सासूबाई म्हणाल्या, “भरल्या घरातून असं कुणी उठून जातं का? एक दमडी देऊ नकोस.” मी कपाटातून करार काढला. त्यात छापलेलंच होतं : मुदतीआधी व नोटीस न देता जागा सोडल्यास अनामत रक्कम जप्त होईल. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

ह्या आनंदाचं कारण मात्र मी तेव्हा कुणालाही सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. पंचवीस हजारांतले अठरा हजार माझ्याजवळ नव्हतेच. मुलाच्या डिप्लोमाची फी ऑक्टोबरातच भरली होती. ‘आपल्याला कुठं लगेच परत करायचेत, ऑगस्ट अजून लांब आहे,’ असं म्हणून मी ते उचलले होते. मुलगी वाईट वागली असं ठरलं, की पैसे परत करायचा प्रश्नच मिटत होता. म्हणून मी दिवसभर तिच्या वागण्यातलं वाईट शोधत बसले. ओट्यावर हळदीचे डाग आहेत, भिंतीला सात खिळे ठोकलेत, आणि ती आईची कंबर तरी खरीच मोडली आहे कशावरून? इथपर्यंत माझी मजल गेली.

दुसऱ्या दिवशी तर मी कुलूप फोडायला माणूस बोलवणार होते. खोली रिकामी करून लगेच दुसऱ्याला देऊ म्हटलं. ह्यांनी अडवलं आणि मला आळीतल्या जुन्या वकिलांकडे नेलं. ते म्हणाले, “वहिनी, त्यांचं सामान आत आहे, किल्ली त्यांच्याकडे आहे, म्हणजे ताबा त्यांचाच. फोडाल आणि उद्या ती म्हणेल, आत माझं मंगळसूत्र होतं. मग?” माझी तर वाचाच बसली.

मी करार पुढे केला. ‘जप्त’ ह्या शब्दावर त्यांनी बोट ठेवलं आणि हसले. “हे छापलेलं असतंच. पण १८७२ च्या करार कायद्याचं ७४ वं कलम आहे. दंड म्हणून कितीही रक्कम लिहा, कोर्ट त्यातून वाजवी भरपाई तेवढीच देतं, आणि तीही लिहिलेल्या रकमेच्या आत. तुमचं नुकसान किती झालं ते सांगा.”

“नोटीस दिली नाही ना!” मी म्हटलं.

“नाही दिली, ती तिची चूक. त्या चुकीनं तुमचे किती रुपये बुडाले?”

मला सांगताच येईना. मार्चचं भाडं तर तिनं एक तारखेलाच दिलेलं होतं.

करार नोंदवलाय का, हेही त्यांनी विचारलं. सुदैवानं नोंदवलेला होता. तुमचा नसेल तर ऐका : करार लेखी करून तो नोंदवण्याची जबाबदारी घर देणाऱ्याची असते, आणि तसा नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, आपण उलट सिद्ध करेपर्यंत. शिवाय पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षाही सांगितली आहे. तेव्हा ‘ओळखीचेच आहेत, कशाला तो खर्च’ असं म्हणू नका.

घरी आल्यावर मी तिला फोन केला, ह्या वेळी आवाज खाली ठेवून. पहिल्यांदा आईची चौकशी केली. खरं सांगते, हाडाचं सगळं खरंच होतं. मग म्हटलं, “कधी सोडलं ते मोबाइलवर दोन ओळी लिहून पाठव. भाऊ येईल तेव्हा त्याच्यासमोर खोली बघू. हिशेब पाडव्याला करू.” सतराला भाऊ टेम्पो घेऊन आला. दोघांनी मिळून मिटरचा आकडा उतरवून घेतला, नळ सोडून पाहिले, खिडक्या लावून पाहिल्या. दोनपैकी एकच किल्ली परत मिळाली. एका कागदावर हे सगळं लिहून खाली दोघांच्या सह्या केल्या. खिळ्यांची भोकं आणि हळदीचे डाग मी लिहिले नाहीत. माणूस राहिला की एवढी झीज होतेच. आमच्या स्वयंपाकघराची भिंत काय कमी पिवळी आहे?

९ एप्रिलला, पाडव्याच्या दिवशी, नवीन बिऱ्हाड आलं. दवाखान्यातली एक नर्स, एकटीच. म्हणजे खोली रिकामी राहिली ती १ ते ८ एप्रिल, आठ दिवस. महिन्याला पाच हजार, तर आठ दिवसांचे १,३३३ रुपये. विजेचे ६४०. किल्ली हरवली म्हणून कुलूप बदललं, त्याचे ४५०. एकूण २,४२३. द्यायचे राहिले २२,५७७. महिन्याभराचं भाडं कापायचं तर पाच हजार झाले असते. पण नर्सबाईंचं भाडं नऊ तारखेपासून घ्यायचं आणि त्याच दिवसांचं हिच्याकडूनही घ्यायचं, हे काही मला पटेना.

आता पैसे आणायचे कुठून? हे म्हणाले, “अगं, नव्या बाईंचं डिपॉझिट आलंय ना, त्यातून दे.” सगळे तसंच करतात, ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर. पण मग ह्या बाई जातील तेव्हा मी पुन्हा कपाटाशी बसून त्यांचे दोष काढणार! माझी बारा जणींची भिशी आहे, दीड हजारांची. माझा नंबर जूनमध्ये होता. शेजारच्या वहिनींचा एप्रिलचा होता, त्यांच्याशी बदलून घेतला. कारण विचारलं तेव्हा ‘डिपॉझिट खर्चून बसले’ असं खरं ते सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, “मीही.” भिशीचे अठरा हजार आणि शिल्लक सात, असे पंचवीस हजार जमले. त्यातून मुलीचे सगळे एकदम पाठवले. तुकड्यातुकड्यानं दिले असते तर ते कधीच पुरे झाले नसते, मला माझा स्वभाव ठाऊक आहे. हिशेबाच्या कागदाचा आणि कुलपाच्या पावतीचा फोटोही पाठवला. नर्सबाईंचं डिपॉझिट मी पोस्टात वेगळं खातं काढून ठेवलं आणि पासबुक ह्यांच्याकडे दिलं.

संध्याकाळी मुलीचा निरोप आला. मला वाटलं, आता आठ दिवसांवरून वाद घालणार. तिनं लिहिलं होतं : “काकू, हिशेब बरोबर आहे. आईला वॉकर आणायचा होता, फार वेळेवर आले. फक्त एक. जानेवारीत मोरीचा नळ आम्ही बदलला होता. तुम्ही म्हणाला होता, पुढच्या भाड्यातून वजा कर. राहून गेलं.”

मी मोरीत जाऊन पाहिलं. नळ नवाच होता. तिला पावती मागितली, तिनं पाठवली. दोनशे ऐंशी रुपये. तेही पाठवून दिले.