पायाखालची फरशी

दुकानात शिरलेला माणूस फळ्यांकडे पाहतो, वजनकाट्याकडे पाहतो, भाव ऐकून दुकानदाराच्या तोंडाकडेही पाहतो. फरशीकडे मात्र त्याचे लक्ष जाते ते एकदाच, घसरून पडल्यावर! मी पडलो मराठीचा प्राध्यापक. फरशीविषयी माझे मत कोणी विचारील, असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. पण मामा शिकलेला असला म्हणजे त्याला सारेच कळते असा आपल्याकडे समज आहे, आणि तो मोडून काढण्याइतका मनाचा मोठेपणा कोणत्याही मामाजवळ नसतो.

माझ्या धाकट्या बहिणीचे साताऱ्यात किराणा मालाचे दुकान आहे. मेहुणे गेल्यापासून ती आणि माझा भाचा मिळून ते चालवतात. दुकानातली शहाबादी फरशी मेहुण्यांच्या वडिलांच्या वेळची. ती जागोजाग खचली होती; उघड्या पडलेल्या सांध्यांत आधी डाळ-तांदूळ आणि मागोमाग मुंग्या शिरत होत्या. फरशी बदलायची हे ठरले. पैसे बेताचे, आणि पुन्हा दहा-वीस वर्षे तरी या खर्चात पडण्याची ऐपत नव्हती.

भाच्याची निवड झालेलीच होती : पांढरीशुभ्र, आरशासारखी टाइल.

"मामा, मोठमोठ्या दुकानांत जाऊन बघा. गिऱ्हाईक चकाकीलाच भुलतं!"

आम्ही टाइलवाल्याकडे गेलो. तासाभरात मला जे ज्ञान मिळाले, ते कॉलेजात मिळाले नसते. साध्या चकचकीत सिरॅमिक टाइलचा रंग वरवरच्या पातळ थरातच असतो. वर्दळीने तो झिजला की आतली माती डोकावू लागते. व्हिट्रिफाइड टाइल अधिक भाजलेली, अधिक घट्ट. ती अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते. तिच्यातही 'डबल चार्ज' म्हणून एक जात आहे. तिच्यात रंगाचा थर ३ ते ४ मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे ती सहजासहजी विटत नाही. मी मनात म्हटले, माणसांतही या दोन जाती आहेतच.

टाइलवाल्याच्या परवानगीने मी एक नमुना जमिनीवर ठेवला, त्यावर तांब्याभर पाणी ओतले आणि भाच्याला म्हटले, "चल यावरून. जुलै महिना आहे आणि तुझ्या हातात साखरेची पिशवी आहे, असं समज." पहिल्याच पावलाला त्याने टेबल घट्ट धरले. चकाकीचा मुद्दा तिथे निम्मा निकालात निघाला.

उरलेला निम्मा आमच्या म्हाताऱ्या गवंड्याने निकालात काढला. "साहेब, फरशी माणसानं झिजत नाही, वाळूनं झिजते," तो म्हणाला. चपलांबरोबर आलेले कण पावलागणिक पॉलिश कागदासारखे घासत राहतात. तेव्हा फरशी कोणतीही घ्या, दारात दांडगे पायपुसणे हवेच. टाइलखाली माल नीट भरला नाही तर ती पोकळ राहते. तिच्यावर १५ किलोचा तेलाचा डबा आदळला की तडा गेलाच. आणि पाच वर्षांनी त्याच नक्षीची टाइल शोधू म्हटले तर मिळणे कठीण, म्हणून एखादी पेटी जास्तीची घेऊन ठेवावी लागते.

त्याचा कौल होता राजस्थानच्या कोटा दगडाला. रेल्वेच्या फलाटांवर आणि शाळांच्या व्हरांड्यांत हाच हिरवट-निळसर दगड तुम्ही-आम्ही वर्षानुवर्षे तुडवला आहे. रंग वरून लावलेला नाही, तो आरपार तसाच. झिजला, मळला, तर पुन्हा घोटून घ्यावा. एकच पथ्य : शहाबादीसारखाच हा चुनखडीचा दगड, त्याला आम्ल सोसत नाही. व्हिनेगरची बाटली फुटली तर लगेच पुसावे, आणि अ‍ॅसिडने फरशी धुण्याचा उत्साह दाखवू नये. फार चकाकी न आणता बेताचे पॉलिश करून कोटा घालायचा, दाराकडे किंचित उतार द्यायचा, असे ठरले. भाच्याची पांढरी टाइल लागली भिंतीला. तिथे कोणी चालत नाही!

आम्ही तिघे पुरुष असे विजयी मुद्रेने बसलो असताना बहीण चहा घेऊन आली.

"दादा, गिऱ्हाईक दहा मिनिटं उभं राहतं. मी सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत. टाचा भरून येतात. कुठल्या फरशीनं टाचा दुखत नाहीत, ते विचारलं का रे कुणी?"

कोणीच विचारले नव्हते. गवंड्याने पागोटे सारखे केले, भाचा कपबशीत पाहू लागला. दगड काय, टाइल काय, टाचांना दोन्ही सारखीच कठोर. शेवटी गल्ल्याच्या मागे जाड रबराची चटई आणि एक उंच स्टूल, एवढी भर यादीत पडली. साऱ्या खर्चात स्वस्तातली बाब ती, पण ती सुचायला तिलाच तोंड उघडावे लागले.

महिन्याने मी साताऱ्याला गेलो. बाहेर पाऊस कोसळत होता. ओल्या चपलांनी गिऱ्हाइके येत होती, सामान घेऊन निघून जात होती. नव्या फरशीबद्दल एकानेही चकार शब्द काढला नाही. भाचा जरा हिरमुसलाच होता. बहीण स्टुलावर बसून, पाय चटईवर टेकून, खुशाल उधारीची वही लिहीत होती.