सुभा, क्वासिमोदो आणि अ‍ॅनिमल

आमच्या लहानपणी पुस्तक घरात एकच असायचं आणि ऐकणारे दहा. सुट्टीतल्या दुपारी आत्या माजघरात बसून मोठ्यानं वाचायची. आजी शेंगा फोडता फोडता ऐकायची. रवींद्रनाथांची सुभा तिथेच भेटली. 1893 सालची कथा. मुक्या सुभाच्या मैत्रिणी म्हणजे गोठ्यातल्या दोन गायी. माणसांना तिच्या डोळ्यांतलं वाचता येत नाही, गायींना येतं. आईबाप मुकेपण झाकून तिचं लग्न लावतात आणि नवरा पुढे बोलणारी दुसरी बायको करतो. वाचन संपलं की आजी पदरानं डोळे टिपायची.

ह्यूगोचा क्वासिमोदोही त्याच दिवसांतला. 1831 सालच्या कादंबरीतला हा कुबडा, चर्चच्या घंटा वाजवून त्यांच्या नादानं बहिरा झालेला. पॅरिसची गर्दी त्याला मूर्खांचा पोप म्हणून मिरवते आणि दुसऱ्याच दिवशी तो चाबूक खातो तेव्हा हसते. पाणी मागणाऱ्या त्याच्याजवळ येते ती एकटी नर्तकी एस्मेराल्दा.

त्या कथांनी आम्हाला परक्या दुःखासाठी रडायला शिकवलं. हे देणं फार मोठं आहे. पण सुभा काय, क्वासिमोदो काय, त्यांचं मन लेखकानं उलगडून दाखवायचं, त्यांच्यातला माणूस कुणी धडधाकटानं ओळखायचा, आणि शेवटी त्यांच्या वाट्याला मरण नाहीतर टाकून दिलेपण.

आज माझ्या हातात इंद्र सिन्हा यांची ‘अ‍ॅनिमल्स पीपल’ आहे. 2007 साली ती बुकरच्या अंतिम यादीत होती. 1984 च्या भोपाळ वायुकांडावर बेतलेली ही कादंबरी खौफपूर नावाच्या शहरात घडते. विषानं पाठ वाकलेला नायक हातापायांवर चालतो. पोरं जनावर म्हणून चिडवतात, तर तो तेच, ‘अ‍ॅनिमल’ हे, नाव धारण करतो आणि आपण माणूस नाहीच असं ठणकावतो. आपली कहाणी तो स्वतः टेपवर बोलतो. त्यात शिव्या आहेत, भूक आहे, वासना आहे, प्रेम आहे. अमेरिकेतल्या शस्त्रक्रियेनं सरळ उभं राहण्याची वाट समोर येते, तेव्हाही तो चार पायांवरच राहायचं ठरवतो. इकडे अख्खं शहर विषानं भाजून काढणारी कंपनी कोर्टात यायलाही तयार नाही. मग माणूस कोण, हा प्रश्न आता त्या कंपनीला विचारला जातो.

आजीचे अश्रू मला हवेतच. त्या दुपारी सगळं घर एका दुःखाशी थांबायचं. आता आपण एकेकटे वाचतो आणि लगेच पुढच्या पुस्तकाकडे वळतो. पण अ‍ॅनिमलनं दिलेला आवाजही मला सोडायचा नाही. मराठीत नसीमा हुरजूक यांच्या ‘चाकाची खुर्ची’नं आत्मकथनात तो आणला. मराठी कादंबरीतही असा नायक आपल्या तोंडानं बोलायला हवा. तो भांडेल, चिडेल, कदाचित आपली दया झिडकारेल. तरी त्याचं पुरतं ऐकून घेणारे वाचक आपण व्हायला हवं.