पहिल्या हंगामाची कंपनी

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नवी नाटक कंपनी काढायला कलावंत मिळतात, ऑर्गनवाला मिळतो, पडदे मिळतात. वडशाला कार्यालयाची पाटी लागली की दिवाळीच्या आत हे सगळं जुळून येतं. जुळत नाही ती गर्दी. जुन्या कंपनीचं नाव वाचून माणसं तिकीट काढतात, आमच्या बॅनरपुढे थांबतात, फोटो निरखतात आणि विचारतात, "यात कोन हाये जी?" तारखा मिळवणं आणि माणसं जमवणं हा माझा धंदा. पहिल्या हंगामात या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसतं.

म्हणून पहिल्या वर्षी मी कंपनीचं कौतुक सांगत बसत नाही, गाव बघतो. आमच्याकडे गावातलं मंडळ ठरलेल्या रकमेत प्रयोग घेतं, इसार देतं, शामियाना उभारतं, तिकिटं विकतं. फायदा त्याचा, खोटही त्याचीच. मंडईच्या जत्रेला नाहीतर शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतींना, घरोघरी लेकी-जावई, सोयरेधायरे उतरलेले असतात. दिवसा पट बघून झाला, बाजार झाला, जेवणं झाली. आता एवढ्या पाहुण्यांना रात्री झोपवायचं कुठे, हा घरधन्याचा प्रश्न असतो. नाटक तो परस्पर सोडवतं. २०१४ साली सुप्रीम कोर्टाच्या निकालाने पट बंद पडले आणि २०२१च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी मिळाली. मधल्या वर्षांत ज्या गावांचा सगळा भार पटावर होता, तिथे पाहुणा आटला आणि आमची तिकिटंही आटली. कबड्डीचे सामने भरवणाऱ्या गावांनी मात्र तारखा टिकवल्या.

तारीख देण्याआधी मी गावात दोन घरी चहा घेतो. एक चहा मंडळाच्या अध्यक्षाकडे आणि दुसरा मागच्या ग्रामपंचायतीत पडलेल्या गटाकडे. एकाच गटाचं नाटक म्हटलं की अर्धं गाव दाराला कडी लावून बसतं, त्यांचे पाहुणेही घरातच. दुसऱ्या गटातल्या कुणाला तरी तिकिटाच्या टेबलावर बसवा, एवढाच माझा आग्रह. मानधनावरून मी कधी इतका अडून बसलेलो नाही.

भोंग्याचंही तसंच. प्रचाराची गाडी आठवडी बाजारात आणि सांजेला बाया धानाच्या बांधीतून परततात त्या वेळी फिरवायची. आधी गावाचं नाव, मग मंडळाचं, मग नाटकाचं आणि कंपनीचं शेवटी. नव्या मालकांना हे पटत नाही. बॅनरचा खर्च आमचा आणि नाव त्यांचं का, म्हणतात. पण शेजारच्या गावचा माणूस आमच्या नावावर एक पाऊल उचलणार नाही. अमक्या गावाने बोलावलंय म्हटलं की तो ट्रॅक्टर काढतो, कारण त्याच्या गावची मंडई पुढच्या आठवड्यात असते आणि त्याला परतफेड हवी असते.

आणि वाघ. ब्रह्मपुरी, सिंदेवाहीकडे रात्री तीनला नाटक संपवलं तर पंचक्रोशीतली माणसं घरी जाणार कशी? जंगलातून जाणारी वाट कुणी अंधारात धरत नाही. प्रयोग उजेडापर्यंत चालला पाहिजे, ही अट मंडळवाले पहिल्या दहा मिनिटांतच घालतात. शहरातले समीक्षक आमच्या नाटकांना लांबलचक म्हणतात. म्हणोत बापडे.

कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्यांना झाडीपट्टी नव्याने कळली. त्या भागात नुसतं त्यांचं नाव पुरतं. पण असं नाव व्हायला अख्खी हयात जाते. नव्या मालकाला पहिल्याच होळीपर्यंत कलावंतांचे पैसे चुकवायचे असतात.

नव्या नावाची हीच अडचण मला एका खेळातही दिसली. २०२५च्या जूनमध्ये मुंबईत रग्बीची देशातली पहिली व्यावसायिक लीग झाली. मोबाइलवर बघत होतो. खेळ कळायला वेळ लागला नाही. कबड्डी बघितलेल्या माणसाला अंगावर जाऊन अडवणं कळतंच. माझं लक्ष कडेच्या खुर्च्यांवर. संघ सहा, नावं चेन्नई, दिल्ली, हैदराबाद, बंगळुरू, कलिंग, मुंबई. सामने मात्र सगळे अंधेरीच्या एकाच क्रीडासंकुलात. व्यवस्थेला ते सोयीचं असेल. पण हैदराबादच्या संघाला हैदराबादेत यजमान कोण? कुणाच्या जावयाला त्या सामन्याला न्यायचं होतं? परदेशी खेळाडू आणून खेळ चांगला होतो. पण तो संघ हरला तर चार दिवस तोंड लपवावं लागेल, असं कुणीतरी त्या शहरात लागतं.

धानाचा मुलूख सोडून आम्ही राजुरा, कोरपन्याकडे सरकलो तेव्हा आमची अवस्थाही त्या संघांसारखीच झाली. तिकडे कापूस. धान चुरून झाला की आमच्या माणसाच्या हातात पैसा खुळखुळतो, तेव्हा तिकडे वेचणी चालू असते. दिवाळीनंतरच्या तारखा घेऊन गेलो तर कुणी ऐकूनही घेईना. मग जानेवारी-फेब्रुवारी धरला आणि मंडई नाही तर यात्रा, उरूस, पोरांच्या स्पर्धा, ज्याला माणूस बाहेरगावाहून येतो असं काहीही चालवून घेतलं. सिरोंच्याचं तर गणितच वेगळं. तिथे घरात तेलुगू चालते, आमचे विनोद हवेत विरतात. तिकडे गाणी वाढवायची आणि संवाद छाटायचे असं मी सुचवलंय. लेखक दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

कोरपन्याकडच्या एका मंडळाने यंदा स्वतःहून फोन केला. नाटक कोणतं, हे विचारलंच नाही. लावणी रात्री दोनच्या आधी ठेवू नका, पोरं ती बघून उठून जातात आणि मागे नुसत्या म्हाताऱ्या उरतात, असं बजावलं. इसाराचा आकडा मात्र गेल्या वर्षीचाच धरून बसलेत. त्यावर बोलणं चालू आहे.