कालचा कट

भाऊबीज उलटली की घरातल्या फराळाच्या डब्यांकडे बघवत नाही. चकल्यांचे तुकडे झालेले असतात, शेवेचा भुगा उरलेला असतो आणि चिवड्याच्या तळाशी पिठीसाखर, मीठ नि कढीपत्त्याचा चुरा साठलेला असतो. बेसनाचा लाडू पुढे केला तर लहान मूलसुद्धा मान फिरवतं. नेमक्या त्याच दिवसांत, दिवाळीत यायचं राहून गेलेल्या मंडळींचे फोन येतात, "रविवारी सकाळी चक्कर टाकतो." सकाळी म्हणजे किती वाजता, हे कुणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. अशा रविवारी यजमानपण पेलण्याची ताकद आमच्या घरात एकाच गृहस्थात आहे. ते म्हणजे मिसळीचा कट.

गृहस्थ आदल्या संध्याकाळीच हजर होतात आणि आल्याची वर्दी सगळ्या मजल्याला देतात. उभा चिरलेला कांदा तांबूस होतो, सुकं खोबरं भाजलं जातं, धणे, तीळ, लवंग, दालचिनी, दगडफूल एकेक करून तव्यावर येतात. आलं-लसणासकट त्याचं वाटण तेलात पडलं की समोरच्या बिऱ्हाडातून शिंक ऐकू येते. त्यांना घाई केलेली चालत नाही. वाटणाच्या कडेनं तेल सुटेपर्यंत परतत राहावं लागतं, आणि तिखट घालताना आच मंद करावी लागते. तिथं चुकलं तर तिखट करपतं नि गृहस्थ कायमचे कडवट होऊन बसतात. पाणीही कढतच घालायचं. गार पाण्यानं त्यांचा नूर उतरतो.

त्यांचं रूप ब्याडगी मिरचीचं आणि जीभ संकेश्वरीची. मिरचीचा लाल रंग पाण्याशी फटकून वागतो, तो तेलातच उतरतो. आणि तेल पाण्यापेक्षा हलकं. त्यामुळे उकळी आली की सगळा तोरा वर येऊन तरंगतो. त्यालाच तर्री म्हणायचं. पहिल्यांदा बघणारा माणूस त्या लालभडक तवंगाला घाबरतो. पण खाली पळी घालून बघावं, तिथं पातळ, मुरलेला, समजूतदार रस्सा असतो. वाढणाऱ्याची सगळी कला पळी किती खोल घालायची यात आहे. वरच्यावर फिरवून घेतली तर कोल्हापूरचे दाजी "आता कसं!" म्हणतात. तीच पळी तर्री बाजूला सारून तळातून वर काढली की पथ्य सांभाळणाऱ्या आत्याही वाटी पुढे करतात. एकाच पातेल्यातून दोघांचं समाधान होतं. दोन भाज्या कराव्या लागत नाहीत की कुणाचं वेगळं काढून ठेवावं लागत नाही.

गावोगावी त्यांच्या वागण्यात फरक पडतो. कोल्हापुरात ते कांदा-लसूण मसाल्याच्या बळावर उभे असतात आणि सोबतीला पावाऐवजी ब्रेडचे स्लाइस घेतात. पुण्यात पोहे आणि बटाट्याची भाजी मध्ये घालून त्यांना जरा मवाळ केलं जातं. नाशकात शेजारी पापड आणि दही असतं. नागपूरला ते हरभऱ्यांसह थेट पोह्यांवर उतरतात. ठाण्यात मामलेदार कचेरीजवळच्या मिसळीनं तर त्या कचेरीचंच नाव लावलं. या सगळ्या गावांचे नातेवाईक एका टेबलाभोवती जमले की खरी मिसळ कुठली यावरून वाद झडतो. कट त्यात पडत नाही. दही, पोहे, पाव, ब्रेड असं सगळं टेबलावर मांडून ठेवलं की ज्यानं त्यानं आपापलं गाव ताटलीत रचून घ्यावं.

त्यांचा खरा मोठेपणा कळायला सुट्टीच्या दिवशीचे बाकीचे पदार्थ आठवावे लागतात. पुरी घ्या. फुगलेली असेतोवरच तिची किंमत, म्हणून कुणीतरी कढईपाशी उभं राहायचं आणि बाहेरून हाका येत राहायच्या, "अजून दोन गरम येऊ द्या!" डोसा तव्यावरच्या माणसाला हलू देत नाही. बटाटेवड्याचीही तीच तऱ्हा. हे सगळे पाहुणे खूश करतात, पण घरातल्या एका माणसाला ओलीस ठेवून. ते माणूस बहुतेक घरांत बाईच असतं, आणि बाहेरच्या खोलीतले विनोद तिला हशा संपल्यावर कळतात. सगळ्यांचं झाल्यावर ती बसते तेव्हा पुऱ्या वातड झालेल्या असतात, आणि पाहुणे घड्याळ बघत असतात.

कट कुणाला असा बांधून ठेवत नाही. त्याची सगळी कामं आधीची. मटकी शुक्रवारी रात्री भिजते, शनिवारी सकाळी फडक्यात बांधली जाते. दिवाळीनंतरच्या गारव्यात मोड यायला जरा वेळ लागतो, रविवारपर्यंत ते बोटभर नसले तरी पुरेसे असतात. कट शनिवारी रात्री निवला की फ्रिजमध्ये जातो आणि तिथं मसाला मुरतो. सकाळी मटकीची साधी उसळ टाकायची, पातेलं बारीक गॅसवर चढवायचं, कांदा-कोथिंबीर चिरायची, लिंबाच्या फोडी करायच्या. मग कुणी दहाला येवो, कुणी साडेबाराला. पातेल्यावर झाकण आहे आणि गॅस बारीक आहे. उशिरा आलेल्याला ओशाळं वाटत नाही, लवकर आलेल्याला ताटकळावं लागत नाही.

आणि ते फराळाचे डबे? त्यांनाही गृहस्थांनी पदरात घेतलेलं असतं. चिवडा, शेव, भाजणीच्या चकलीचे तुकडे, सगळं एका परातीत एकत्र. जे तबकात मांडायच्या लायकीचं राहिलं नव्हतं, तेच आता फरसाण म्हणून मानानं वर येतं. चिवड्यातला तळलेला दाणा नि खोबऱ्याचा काप रश्श्यात सापडला की खाणारा थांबून बघतो. यात नियम एकच: फरसाण आधी घालून ठेवायचं नाही. ताटली हातात आली की उसळ, तिच्यावर फरसाण, मग कट, आणि लगेच तोंडात. चकलीचा तुकडा अर्धा भिजलेला नि अर्धा कुरकुरीत असतो ते दोनच मिनिटं, आणि तेवढ्यात त्याला गाठायचं असतं. शंकरपाळी तेवढी लांब, वेगळ्या वाटीत. डोळ्यांत पाणी आलेल्यांना ती नंतर उपयोगी पडते.

तरी कुणाला तिखट लागलंच, तर पाण्याच्या ग्लासकडे धावून उपयोग नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. पाणी ते तोंडभर फिरवतं फक्त. ताकात केसीन नावाचं दुधातलं प्रथिन असतं, ते त्या तिखटाला धरून जिभेवरून खाली नेतं. म्हणून कटाशेजारी ताकाचा तांब्या हवाच. दोघांचे स्वभाव अगदी उलटे, पण एकाशिवाय दुसऱ्याची बैठक पुरी होत नाही.

हळूहळू ताटल्या दुसऱ्यांदा भरल्या जातात. "नुसता कट द्या थोडा," असं म्हणत सगळेच तिसऱ्यांदा उठतात, आणि उठून स्वतःच वाढून घेतात. स्वयंपाकघरात कुणीच नसतं. मग दाजी कपाळाचा घाम पुसत विचारतात, "वहिनी, पहाटेच उठला असाल?" आणि वहिनी, हातात स्वतःची ताटली, सोफ्यावर मांडी घालून, जागच्या न हलता सांगतात, "छे हो, कालचा आहे."

पाहुण्यापुढे कालचं अन्न ठेवू नये, ही आपल्या घरांतली जुनी शिस्त. तिच्यापायी किती जणींच्या सणाच्या सकाळी चुलीपाशी गेल्या, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. कटाच्या बाबतीत मात्र "कालचा" म्हटलं की पाहुणा खूश होऊन वाटी पुढे करतो, आणि वाढणारी पहिल्या पंगतीला बसते.