घाटावरून पेठेत

वाईहून पुण्याला माणूस जातो तो लग्नाला, दवाखान्यात किंवा खरेदीला. मी मात्र गेल्या पावसाळ्यात एका रविवारी निघालो तो आपली वेबसाइट चालू ठेवावी की बंद करावी, हे विचारायला. वाईच्या घाटांवर मी चार वर्षे लिहितो आहे. त्या जागेचे वार्षिक भाडे जाते माझ्या पेन्शनीतून. "पुण्यात विचारून या, नाहीतर टाळे लावा," हा सौभाग्यवतींचा निकाल.

खंबाटकी ओलांडून एस.टी.ने स्वारगेट गाठले, आणि रिक्षाने सदाशिव पेठ. एका शिकवणीच्या वर्गात वेबसाइटवाल्या वीसबावीस मंडळींची बैठक भरली होती. ज्या पेठेत चिवड्याच्या मसाल्याचे प्रमाण सख्ख्या भावालाही कळत नाही, तेथे ही माणसे आपली महिन्याची मिळकत खडूने फळ्यावर लिहीत होती! मी चकित झालो. शेजारचे काका म्हणाले, "अहो, आपण सगळी एकाच पाटावरची कुळं. पाणी सोडणारा वर बसलाय. आपसात लपवून काय मिळणार?"

पाणी बेताचेच. गूगलच्या जाहिरातींचे दहा डॉलर जमले, की पत्त्याची खात्री करायला टपालाने सांकेतिक आकडा येतो. शंभर भरेपर्यंत पैसा हाती पडत नाही. हिंदी मजकुराला ही सोय २०१४ साली मिळाली, मराठीला २०१८ पर्यंत थांबावे लागले. दिवाळीपूर्वी दर चढतात, जानेवारीत उतरतात. आणि आपल्या पानावरची जाहिरात आपणच दाबायची नाही, मित्रांनाही दाबायला सांगायचे नाही. खाते बंद होते. हे ऐकून एक तरुण खाली मान घालून बसला. कोणी त्याला काही विचारले नाही.

माझी पाळी आली. फराळाच्या पाककृती लिहिणाऱ्या एका काकूंनी माझी पाने चाळली. "रास्ते, पेशवे, १७६२ सालचा ढोल्या गणपती, सगळं छान आहे हो. पण कृष्णाबाईचा उत्सव कोणत्या घाटावर, कोणत्या तारखेला, हे कुठाय? लोक ते शोधतात. आणि गावातल्या दुकानदाराची जाहिरात का नाही?"

मी ओशाळलो. १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून असे अंक जाहिरातींच्या आधाराने निघत आले. ते दर दिवाळीला वाचणाऱ्या मला दुकानदाराच्या पायऱ्या चढायची लाज वाटत होती. परक्या कंपनीने न विचारता डकवलेल्या जाहिराती मात्र चालत होत्या!

दुसऱ्या दिवशी घाटाघाटांवर उत्सवाच्या तारखा विचारत हिंडलो. मग बाजारात एका पेढेवाल्याकडे गेलो. त्याने सगळे ऐकून घेतले आणि वर्षाचे दीड हजार कबूल केले. भाड्याचे निम्मे सुटले.

"पण मास्तर," तो म्हणाला, "हे कागदावर छापून येणार ना?"

नाही म्हटल्यावर त्याने पाचशे कमी केले. घरी एक वर्षाची मुदत मिळाली आहे.